हे कोणी मागितलं होतं?

कंपाइलकाकांना जिन्यात गाठून ‘काय चाललंय?’ असं विचारलं, तर ते ‘बरं आहे’, ‘तुमचं काय?’ वगैरे म्हणत नाहीत. ‘लावलंय,’ म्हणतात. नवीन भाडेकरूला वाटतं, कुकर लावला असेल. जुन्यांना ठाऊक असतं की तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत काकांचा संगणक काल रात्रीपासून एखादा ब्राउझर बांधतोय आणि तो बांधून होईपर्यंत काकांशी दुसऱ्या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. आडनावाची पाटी आहे दारावर, पण ती कुरिअरवाल्यापुरती. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना कंपाइलकाका केलं ते केलंच.

बाकीची माणसं संगणकावर प्रोग्राम घेतात तो तयार. बटण दाबलं, उतरला, चालू. काकांना असलं आयतं चालत नाही. ते प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर उतरवून घेतात आणि आपल्या यंत्रावर, आपल्या कंपायलरने, आपल्या अटींवर त्यातून चालता प्रोग्राम तयार करतात. त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर फ्रीबीएसडी आहे, युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यात या उद्योगासाठी ‘पोर्ट्‌स’ नावाची सोय आहे. जॉर्डन हबर्ड यांनी १९९४च्या ऑगस्टमध्ये तिची मुहूर्तमेढ रोवली आणि आज तिच्यात तीस हजारांहून जास्त प्रोग्राम कसे बांधायचे ते लिहून ठेवलेलं आहे. हव्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जायचं, ‘मेक इन्स्टॉल क्लीन’ एवढं टाइप करायचं. सोर्स येतो, वाटेत त्यात कोणी हात घातला नाही ना याची पडताळणी होते, पॅच लागतात, बांधणी सुरू होते. पण त्याआधी पडद्यावर एक निळी चौकट उघडते.

त्या चौकटीत प्रश्न असतात. सोबतची कागदपत्रं हवीत का? नमुन्याच्या फाइली? इतर भाषांतले संदेश? छपाई? आवाज? खिडक्या-चित्रांसाठी एक्स-इलेव्हन? प्रत्येकापुढे एक खूण. स्पेसबार दाबला की खूण लागते, पुन्हा दाबला की जाते. तुम्ही-आम्ही न वाचता एंटर मारू. काका चष्मा कपाळावर चढवतात, खुर्ची पुढे ओढतात आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. दोन-तीन ओळी झाल्या की खोलीतून त्यांचा ठेवणीतला उद्गार येतो, ‘हे कोणी मागितलं होतं?’ आणि स्पेसबारचा आवाज.

हा उद्गार आम्हाला इतका पाठ आहे की सोसायटीच्या गणपतीत साउंड सिस्टीमसोबत लेझर लाइट आले, तेव्हा काका मंडपात पोचायच्या आधीच पोरांनी तो एका सुरात म्हणून घेतला.

काकांचा खरा संताप असतो डिपेंडन्सीवर. एक प्रोग्राम चालायला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. एका स्नेह्याला जेवायला बोलवावं आणि त्याने मेहुण्याला आणावं, मेहुण्याने भागीदाराला, भागीदाराने ड्रायव्हरला, आणि शेवटी ताटावर बसलेल्या अर्ध्या मंडळींची नावंही आपल्याला माहीत नसावीत, तसलं ते. काका दारातच उभे राहून प्रत्येकाला विचारतात, ‘आपण कोणाकडून?’ साधा मजकूर लिहायचा एडिटर टाकताना त्यामागून छपाईची अख्खी यंत्रणा आत येऊ पाहत होती, तेव्हा त्यांनी तिला दोन तास उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. शेवटी कोणाच्या वशिल्याने ती येते आहे ते शोधून काढलं, त्याची खूण काढली आणि मगच रात्री जेवले.

सुरुवातीच्या काळात या निळ्या चौकटीने त्यांना एक हिसका दिला होता, तो ते स्वतःच रंगवून सांगतात. रात्री मोठं काम लावलं, काकूंना ‘सकाळपर्यंत होतंय’ असं सांगून झोपले. सकाळी उठून बघतात तर काम दहाव्या मिनिटालाच थांबलेलं. आतल्या कुठल्याशा डिपेंडन्सीची स्वतःची निळी चौकट उघडली होती आणि ती रात्रभर, एका खुणेसाठी, त्यांची वाट बघत बसली होती. ‘मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह’ म्हटलं की खालपर्यंतचे सगळे प्रश्न आधीच विचारून घेतले जातात, हे त्यांना नंतर कळलं. सोसायटीतलं कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की काका बॅगांकडे बघत बजावतात, ‘कॉन्फिग-रिकर्सिव्ह करून निघा.’ म्हणजे गॅस, नळ, दुधवाला, चावी, सगळं आत्ताच विचारून घ्या. हे वाक्य आता सोसायटीत संगणकाला कधी हात न लावलेल्या आजीही म्हणतात.

काकांची पूर्वपीठिका सांगायची तर ती पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडीपासून सुरू होते. पुढे डॅनियल रॉबिन्स यांचं जेंटू लिनक्स आलं. त्याची १.० आवृत्ती २००२ची. रॉबिन्स यांनी फ्रीबीएसडीचे पोर्ट्‌स पाहून त्यावरून आपली व्यवस्था बेतली होती, तेव्हा काकांचं पुढे फ्रीबीएसडीकडे जाणं हे त्यांच्या मते मूळ गावी परतणं होतं. जेंटूत निळ्या चौकटीऐवजी ‘यूझ फ्लॅग’ असतात. एका फाइलीत हवं ते लिहायचं आणि नको त्यापुढे वजाचं चिन्ह द्यायचं. काकांच्या फाइलीत अधिक फारसं काही नाही. ती वजांची यादी आहे. मायनस केडीई, मायनस ग्नोम, मायनस ब्लूटूथ, मायनस कप्स, मायनस सिस्टमडी. शेवटचं म्हणताना आवाज किंचित चढतो.

त्या काळी जेंटू तीन पायऱ्यांपैकी कुठूनही चढवता यायचं. स्टेज थ्री म्हणजे बरंचसं तयार. स्टेज वन म्हणजे कंपायलरपासून सगळं आपणच उभं करायचं. काका स्टेज वनवाले. स्टेज थ्रीने आलेल्यांशी ते सभ्यपणे वागतात, चहाही पाजतात, पण नंतर आम्हाला हळूच सांगतात, ‘मुलगा हुशार आहे. थ्रीवरून आलाय.’

वेगाचाही नाद होता. कंपायलरला ‘ओ-टू’ सांगितलं की तो कोड पुरेसा घोटून देतो. काकांनी ‘ओ-थ्री’ लावलं, वर ‘फनरोल-लूप्स’ लावलं. संपूर्ण यंत्रणेला असं सरसकट लावू नका, हे जेंटूवाले स्वतःच सांगतात. कधी प्रोग्राम फुगतो, कधी मोडतो, वेग वाढेलच असं नाही. काकांनी दोन रात्री सगळं पुन्हा कंपाइल केलं, स्टॉपवॉच घेऊन बसले आणि एडिटर अर्ध्या सेकंदाने लवकर उघडतो असा निष्कर्ष काढला. काकूंनी शांतपणे विचारलं, ‘मग त्या अर्ध्या सेकंदात आता काय करणार आहात?’

काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, असं त्याच सांगतात, पण एलएलव्हीएम म्हटलं की रात्र जाते आणि नुसता व्हिम म्हटलं तर चहा उकळेपर्यंत होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पुण्याच्या जानेवारीत दही लागत नाही. काकूंनी त्यावर तोड काढली. संध्याकाळी त्या मागच्या खोलीच्या दारात येऊन विचारतात, ‘अहो, आज काय लावताय?’ काका ‘क्रोमियम’ म्हणाले की विरजणाचं पातेलं फडक्यात गुंडाळून संगणकाच्या तापलेल्या कॅबिनेटवर जातं. सकाळी दही कवडीसारखं घट्ट. एकदा मध्यरात्री बिल्ड फेल गेला, यंत्र थंड पडलं आणि सकाळी दूध तसंच्या तसं. काकूंचा चेहरा बघून काका त्या दिवशी मुकाट्याने श्रीखंडासाठी चक्का आणायला गेले.

गुरुवारी मात्र काका काहीही लावत नाहीत. शेजारच्या आजी त्यांना मनोमन नमस्कार करतात. दत्ताचा वार कडकडीत पाळणारा माणूस आजकाल कुठे मिळतो? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि नऊ तासांचं कंपाइल आठव्या तासाला मरतं, हे आजींना सांगणं सगळ्यांच्याच जिवावर येतं.

कंपाइल चालू असताना पडद्यावरून ओळी धावतात, त्या बघत बसणं हा काकांचा विरंगुळा. बांधणीच्या आधी ‘कॉन्फिगर’ नावाची एक स्क्रिप्ट धावते आणि ती यंत्राची झाडाझडती घेते. सीचा कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. अमुक लायब्ररी आहे का? आहे. त्यात एक ओळ येते, बांधणीचं वातावरण ‘सेन’, म्हणजे शहाणं, आहे ना ते तपासतोय, आणि पुढे उत्तर, येस. प्रत्यक्षात ती स्क्रिप्ट घड्याळ आणि फाइलींच्या वेळा जुळतात का एवढंच बघत असते. पण काकूंनी एकदा ती ओळ धावताना वाचली आणि म्हणाल्या, ‘घरात कोणाला तरी वाटतंय म्हणायचं.’

बिल्ड तुटला की काकांचा गुरू जागा होतो. मेक हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. तेव्हापासून त्याच्या फाइलीत टॅबच्या जागी साध्या स्पेस पडल्या तर तो अडून बसतो, आणि काम फसलं की शेवटी कोरडेपणाने ‘एरर वन’ म्हणून मोकळा होतो. सोसायटीतली आयटीतली पोरं ती शेवटची ओळ घेऊन काकांकडे येतात. काकांचं ठरलेलं वाक्य, ‘शेवटची ओळ काय वाचतोस? पहिली चूक शोध.’ मग ते यंत्राला एका वेळी एकच काम करायला लावतात, कारण आठ कामं एकदम चालली की आठांची रड एकमेकांत मिसळते, आणि शेकडो ओळी मागे जाऊन नेमका दुखरा शब्द दाखवतात. एका पोराने त्यांना सुचवलं, ‘काका, डॉकर इमेज ओढा ना, दोन मिनिटांत होईल.’ काका म्हणाले, ‘कोणाची इमेज? आत काय काय आहे?’ पोरगा म्हणाला, ‘सगळं आहे.’ ‘तेच तर,’ काका म्हणाले.

तळमजल्यावरच्या मुलीचं सीईटीचं हॉलतिकीट छापायचं होतं. रात्रीचे नऊ. ती पेनड्राइव्ह घेऊन वर आली. काका प्रसन्नपणे म्हणाले, ‘छपाई? ती तर मी केव्हाच काढून टाकली.’ मग मुलीचा चेहरा बघून वरमले. चार वर्षांपूर्वी भाच्याने दिलेला प्रिंटर माळ्यावरून काढला. पण छपाईची खूण नुसती लावून भागत नव्हतं. खिडक्यांची लायब्ररी छपाईसकट पुन्हा बांधायची, तिच्या जोरावर ब्राउझर पुन्हा बांधायचा. मुलगी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढून आली, जेवली, झोपली. पहाटे सहाला तिच्या घराची बेल वाजली. दारात काका, डोळे लाल, हातात हॉलतिकिटाच्या तीन रंगीत प्रती. ‘एक घरी ठेव, एक पर्समध्ये,’ म्हणाले. मुलीने परीक्षेला काकांचीच प्रत नेली. दुसऱ्या दिवशी काकांनी छपाई पुन्हा काढून टाकली.

२९ डिसेंबर २०२३ला जेंटूने जाहीर केलं की यापुढे आम्ही तयार बांधलेले प्रोग्रामही मोठ्या प्रमाणावर पुरवू. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर अजून जेंटू नांदतं. त्यांनी ती बातमी वाचली आणि दोन दिवस ते फारसे बोलले नाहीत. फ्रीबीएसडीतही तयार पॅकेजं आहेतच, आणि पोर्ट्‌स आणि पॅकेजं यांची मिसळ करू नका, हा तिथल्या जाणत्यांचा सल्ला काका मिसळ खातानाही ऐकवतात. पण जेंटूकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, ‘काका, सक्ती थोडीच आहे? ज्याला हवं त्याने घ्यावं.’ तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. ‘ऑप्शन आहे म्हणतोस? मग ठीक आहे.’

तीन महिन्यांनी त्यांचा दिवस आला. २९ मार्च २०२४ला बातमी फुटली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय असं दिसलं होतं. तो मागे लागला आणि त्याला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या घरगुती प्रोग्रामात लपवलेलं चोरदार सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. चोर मोठा हिशेबी होता. बांधणी डेबियन किंवा आरपीएम पद्धतीच्या तयार पॅकेजसाठी चालली असेल तरच ते दार बसायचं, आणि लॉगिनच्या प्रोग्रामापर्यंत ते पोचायचं सिस्टमडीच्या लायब्ररीमार्फत. घरी स्वतःसाठी, तेही मायनस सिस्टमडी, बांधणाऱ्या माणसाच्या वाटेला ते जाणारच नव्हतं.

काका त्या आठवड्यात लिफ्टने वर-खाली करत होते, एरवी जिना वापरणारा माणूस. लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला एक्सझेड. पेपरवाल्याला एक्सझेड. ‘अर्धा सेकंद!’ ते काकूंना म्हणाले, ‘अर्ध्या सेकंदात काय करणार म्हणत होतीस ना? जग वाचलं त्या अर्ध्या सेकंदात.’ काकूंनी मान्य केलं, पण जगाचं विरजण कोणी लावलं होतं ते विचारलंच.

मला राहवलं नाही. चोराने ते दार उघडायची किल्ली ठेवली होती कॉन्फिगरच्या स्क्रिप्टमध्ये, तीही सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हे तर वाटायच्या गठ्ठ्यात. मी विचारलं, ‘काका, तुम्ही रोज ती स्क्रिप्ट चालवता. कधी वाचलीत?’ हजारो ओळी असतात तिच्यात. काका गप्प झाले. मग म्हणाले, ‘सोर्स तर वाचतो.’ मी म्हटलं, ‘केन थॉम्पसन यांनी १९८४मध्येच सांगितलंय की सोर्स स्वच्छ असला तरी कंपायलर बाटलेला असू शकतो.’ काका उसळले. ‘म्हणून तर कंपायलरही मीच कंपाइल करतो! जीसीसी तीनदा बांधला जातो. जुन्याने पहिला, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि दुसरा-तिसरा ताडून बघतात.’ ‘आणि तो जुना?’ ‘तो त्याच्या आधीच्याने.’ ‘आणि तो?’ काकांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं. ‘कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो रे,’ ते म्हणाले. ‘पण निदान कुठे ठेवलाय ते मला माहीत असतं.’

या वाक्यानंतर मी काकांना चिडवणं कमी केलं. वेग, सुरक्षितता, जागेची बचत ही सगळी कारणं ते देतात, पण ती पाहुण्यांसाठी आहेत. आयुष्यभर त्यांनी एका उपकरणांच्या कारखान्यात इमानेइतबारे नोकरी केली. तिथे कोणत्या विभागात जायचं ते त्यांना सांगण्यात आलं, निवृत्ती दोन वर्षं आधी घ्यायची तेही सांगण्यात आलं. फोन नवीन घेतला तर त्यात आधीच भरलेल्या, काढता न येणाऱ्या गोष्टी. टीव्ही लावला तर न मागितलेल्या वाहिन्या. सगळ्या जगाने त्यांच्या वतीने ‘येस’ म्हणून ठेवलेलं. ती निळी चौकट तेवढी थांबते आणि विचारते, तुम्हाला हवंय का? आणि उत्तर येईपर्यंत, अख्खी रात्र झाली तरी, पुढे जात नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या जुळणीतही हजारो प्रश्न असतात आणि कित्येकांच्या मदत-टिपेत खाली लिहिलेलं असतं की खात्री नसेल तर नाही म्हणा. काकांना हे सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. नाही म्हणायची उघड परवानगी त्यांना दुसऱ्या कोणी दिली आहे?

म्हणूनच हॉटेलात गेल्यावर ते मसाला डोसा मागवतात, आणि मग भाजी नको, लोणी नको, चटणी नको. वेटर एकदा म्हणाला, ‘काका, साधा डोसाच सांगा ना, तीस रुपये कमी लागतील.’ काकांना ते पटत नाही. साधा डोसा कोणीतरी दुसऱ्याने ठरवलेला असतो. हा त्यांनी स्वतः वजा करून आणलेला.

या माणसाचा समाजाला उपयोग काय, असं आमच्यातले काही जण म्हणायचे. मग इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. बिल्डरच्या माणसाने गुळगुळीत पुस्तिका वाटली. क्लब हाउस, जिम, गच्चीवर पोहण्याचा तलाव, सगळं ‘समाविष्ट’. लोकांनी पेनं काढली होती. मागच्या खुर्चीवरून आवाज आला, ‘तलाव कोणी मागितला होता?’ पोरं हसली. पण काकांनी करारनामा परिशिष्टांसकट वाचून आणला होता. तलावाला पंप लागतो, पंपाला स्वतंत्र वीजजोडणी, त्याला माणूस, आणि या सगळ्याचा मासिक खर्च परिशिष्टात आपल्या नावावर आधीच लावून ठेवलेला. एकाच्या मागून दुसरा कसा आत येतो, ते काकांनी फळ्यावर काढून दाखवलं. सभागृहात पहिल्यांदाच कोणी जांभई दिली नाही.

आता काका पुनर्विकास समितीवर आहेत, आणि समितीची बैठक वेळेत संपल्याचं कोणाला आठवत नाही. प्रत्येक बाब, प्रत्येक सदस्याला, वेगळी विचारली जाते. बिल्डरचा माणूस पहिले काही आठवडे वैतागला. मग एके दिवशी तो स्वतःच एक छापील तक्ता घेऊन आला. डावीकडे बाबी, उजवीकडे रिकाम्या चौकटी. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तलाव गेला. जिम गेली. पाण्याची टाकी मोठी झाली आणि आजींसाठी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आला. नवीन घरात जायला आम्हाला अजून बराच उशीर आहे, आणि त्याला पूर्णपणे काका जबाबदार आहेत. सध्या गाडी कपडे वाळत घालायच्या दांड्यांवर आली आहे. काकूंनी तिथे प्रथमच स्वतःची खूण लावली आहे.